पावणेसातचं दार

दर ऑगस्टमध्ये लोइस हॅग्लंड तोच कागद काढायची, वरचं साल बदलायची आणि साठ प्रती मारून मोकळी व्हायची. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, ‘ऑनर्स भूमिती : अपेक्षा आणि यश’. खाली दहा नियम. नववीतल्या, हुशार म्हणून वेगळ्या काढलेल्या पोरांनी तो घरी न्यायचा, तळाच्या पट्टीवर आईबापांची सही घ्यायची आणि ती पट्टी कापून सोमवारी परत आणायची. सहीचे दहापैकी दहा गुण. वर्षभरातले सगळ्यात सोपे गुण तेच. पुढे कुणाचं काय व्हायचं ते होवो, पहिल्या आठवड्यात टॅमरॅक हायस्कूलच्या ऑनर्स भूमितीत सगळे शंभर टक्के हुशार असत.

वाचत मात्र तो कुणीच नसे. आईबाप गाडीच्या टपावर कागद ठेवून सही ठोकत आणि कामाला पळत. खरं सांगायचं तर लिहिणारीनेही तो बरीच वर्षं वाचला नव्हता. पहिला नियम पेन्सिलीचा. चौथा असा, की आकृतीवर विश्वास ठेवू नका. काटकोनाची खूण नसेल तर तो काटकोन नाही, मग डोळ्यांना काही का दिसेना. सातवा, लागोपाठ दोन चाचण्यांत सत्तरच्या खाली गेलात तर साध्या भूमितीच्या वर्गात बदली. आणि नववा, ‘मी रोज सकाळी पावणेसातला वर्गात असते. ज्याचं अडलं असेल त्याने यावं. दार उघडं असेल.’

हा नववा नियम तिने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लिहिला होता. तेव्हा अंगात उमेद होती, गुडघे धड होते. वीस वर्षं तिने तो पाळला, थंडीत, बर्फात, शाळेला सुट्टी द्यावी की नाही याचा घोळ चाललेला असायचा तशा सकाळीसुद्धा. कधी चार पोरं यायची, कधी एकही नाही, पण दार उघडं असायचं. मग आर्नेला, तिच्या नवऱ्याला, आजाराने धरलं. सकाळची औषधं, भरवणं, कपडे बदलणं, त्यात अडीच वर्षं गेली आणि शेवटी आर्नेही गेला. तेव्हापासून ती सात पंचविसाला शाळेत पोचायची. परत लवकर यायला लागू, असं ती दर सुट्टीत ठरवायची. पण सवय मोडली ती मोडलीच, आणि गंमत अशी, की मोडल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. कुणी विचारायलाच आलं नाही. निदान तिची तरी तशी समजूत होती.

आता सत्ताविसावं वर्ष. पेन्शनला तीन वर्षं बाकी. ऑनर्सचा वर्ग पूर्वी सतरा-अठरा पोरांचा असायचा, आता तीसचे दोन वर्ग. वरचे म्हणत, ऑनर्समध्ये मुलं वाढली पाहिजेत. तेच वरचे म्हणत, ऑनर्समध्ये नापास कुणी दिसता कामा नये. या दोन वाक्यांच्या मध्ये लोइस उभी होती, हातात लाल पेन घेऊन. आठवीच्या मास्तरांनी एखाद्या पोराची शिफारस केली नाही, तरी आईबापांनी ‘जबाबदारी आमची’ असा एक फॉर्म भरला की पोर ऑनर्समध्ये. मग गाडीच्या मागे स्टिकर लागायचा, आमचं लेकरू ऑनर्समध्ये शिकतं. आणि चाचणीचे गुण फोनवर दिसले की अर्ध्या तासात ईमेल यायची, अर्धा गुण कशासाठी कापलात, जरा समजावून सांगाल का.

आणि ते टिशूचे डबे. सर्दीच्या दिवसांत वर्गासाठी नाक पुसायच्या कागदाचा एक डबा आणला की दोन गुण जादा, ही प्रथा शाळेत कुणी सुरू केली देव जाणे. लोइसच्या कपाटात छताला टेकतील इतके डबे साठले होते. एकोणनव्वद टक्क्यांवर अडकलेलं पोर नव्वद टक्के गाठायला सहा डबे घेऊन येई आणि तिच्याकडे असं बघे, की जणू सिद्धताच लिहून आणलीय. ती मुकाट्याने गुण टाकायची. भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

टेगन वोल्टर्सने मात्र एकही डबा आणला नाही. ही मुलगीही फॉर्मवरच आलेली, शिफारशीविना. हडकुळी, तपकिरी वेणी, बापाचं जुनं जॅकेट घालणारी. वर्गात तिसऱ्या रांगेत बसायची आणि हात कधी वर करायची नाही. पहिल्या चाचणीत चौसष्ट, दुसऱ्या चाचणीत एकसष्ट. लोइसने पेपर तपासताना कपाळाला हात लावला. मुलगी मूर्ख नव्हती, तिचं लिहिणं वेगळंच होतं. इतर पोरं पाठ केलेल्या ओळी ओतायची, ही एकेक ओळ स्वतः शोधत असल्यासारखी लिहायची, अर्ध्यावर वेळ संपायचा. पण तीस पेपरांच्या गठ्ठ्यात अशा गोष्टींवर थांबायला कुणाला सवड असते? लोइसने आकडा लिहिला आणि पुढचा पेपर घेतला.

तिला टेगन रोज सकाळी दिसायचीही. एकशेचौदा नंबरच्या वर्गाच्या दाराशी, भिंतीतल्या हीटरला पाठ टेकून, जमिनीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर वही. लोइस किल्ली शोधत यायची तेव्हा ती घाईघाईने उठायची.

“गुड मॉर्निंग, मिसेस हॅग्लंड.”

“मॉर्निंग गं. लवकरच्या बसने येतेस वाटतं?”

“नाही, डॅड सोडतात.” मग जरा थांबून, “मिसेस हॅग्लंड, एक विचारायचं होतं.”

“विचार गं, पण आधी मला कोट तरी काढू दे.”

कोट निघेपर्यंत ईमेल उघडलेली असायची, पहिल्या तासाची पोरं आत घुसलेली असायची, कुणाचा तरी कॅल्क्युलेटर हरवलेला असायचा. टेगन जरा वेळ टेबलाशी उभी राहायची आणि निघून जायची. लोइसच्या मनात यायचं, राहिलं बिचारीचं, दुपारी विचारेल. दुपारी ती विचारायची नाही आणि लोइसही नाही. असं किती वेळा झालं, हे लोइसला कुणी विचारलं असतं तर तिने दोन-तीनदा म्हणून सांगितलं असतं.

वर्गबदलाची मुदत नोव्हेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी संपत होती. शनिवारपासून बंदुकीने हरणं मारायचा हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे अर्ध्या गावाचं चित्त आधीच रानात गेलेलं. त्या गुरुवारी साडेतीनला, मुलांचे वर्ग-विषय बघणारा काउन्सेलर कर्ट पेल्की याने त्याच्या खोलीत बैठक ठेवली. पेल्की तसा भला माणूस, पण प्रत्येक प्रकरण चारच्या आत फायलीत गेलं पाहिजे हा त्याचा धर्म. टेबलावर चघळायच्या गोड गोळ्यांचा वाडगा, त्याच्या शेजारी बदलीचा फॉर्म, सहीच्या जागी पिवळे चिकटकागद लावून ठेवलेले.

ड्वेन वोल्टर्स पाळी संपवून थेट कागदाच्या कारखान्यातून आला होता. पोलादी टोकाचे बूट, टोपीवर कागदाचा भुसा. खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टेगन त्याच्या शेजारी, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. लोइसने मनाची तयारी केली होती. बाप चिडेल, पोरीवर अन्याय झाला म्हणेल, फॉर्मवर सही करायला नकार देईल. अशी पंचवीस भांडणं तिने पचवली होती. सव्विसावं अंगावर घ्यायचं आणि घरी जाऊन पाय वर करून बसायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

“हे बघा मिस्टर वोल्टर्स,” पेल्कीने सुरुवात केली, “यात कमीपणा काही नाही. साध्या भूमितीतही त्रिकोणाला तीनच बाजू असतात.”

ड्वेन हसला नाही. त्याने जॅकेटच्या आतल्या खिशातून एक कागद काढून टेबलावर उलगडला. चार घड्यांचा, वरच्या टोकाला लोहचुंबकाचा गोल डाग. लोइसने तो ओळखला तेव्हा तिला आश्चर्यच वाटलं. तिचाच कागद होता. प्रत्येक नियमापुढे निळ्या पेनने बारीक बरोबरच्या खुणा.

“मला गणितातलं काही कळत नाही,” ड्वेन म्हणाला. “आठवीतच हात टेकले मी. पण कारखान्यात एक शिकलो, भिंतीवर लिहिलंय ते मुकाट्याने पाळायचं. ज्याने लिहिलं त्याने विचार करूनच लिहिलेलं असतं.” त्याने डावा हात वर केला. करंगळी अर्धीच होती. “ही न वाचल्याची.”

पेल्कीने मान हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

“म्हणून हा कागद आम्ही फ्रिजवर लावला. एकेक पाळला. पेन्सिल म्हटलंय, पेन्सिल. रोज अर्धा तास म्हटलंय, तर मी समोर बसून बघितलंय, रोज अर्धा तास. आणि हा नववा तर आम्ही एक दिवससुद्धा चुकवला नाही.” त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. “मला सातला हजर व्हावं लागतं. तिला साडेसहाला इथे सोडतो.”

लोइसने ती ओळ वाचली. मी रोज सकाळी पावणेसातला वर्गात असते. अक्षरं तिचीच होती.

“तर मला आज तुमचे आभार मानायचे होते,” ड्वेन म्हणाला. आता तो थेट तिच्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा संकोचाने लाल झाला होता. “रोज पाऊण तास देता तुम्ही हिला. कारखान्यात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणतात, आजकाल कोण करतं असं, बिनपैशाचं. रात्री जेवताना मी हिला विचारतो, आज बाईंनी काय समजावलं? आणि ही मला सगळं सांगते, मला, ठोंब्याला. बाकोबा काय, कोबाको काय. मटारच्या दाण्यांनी त्रिकोण मांडून दाखवते ताटात.”

टेगनने मान खाली घातली होती. तिचे कान पेटल्यासारखे दिसत होते.

“एवढं मिळूनही एकसष्टच येत असतील, तर मग ते तिच्यात नसेल,” ड्वेन म्हणाला. आवाजात राग नव्हता, कडवटपणा नव्हता, एखादं यंत्र दुरुस्त होत नाही म्हणून बाजूला ठेवावं तसं तो बोलत होता. “तुम्ही काही कमी केलं नाहीत. तिनेही केलं नाही. नसतं एकेकात, माझ्यातही नव्हतं. मी करतो सही.”

त्याने खाली ठेवलेल्या पिशवीतून कसायाकडचा पांढरा कागद गुंडाळलेलं एक पुडकं काढून लोइसच्या पुढ्यात ठेवलं. “हरणाचं सॉसेज आहे. ऑक्टोबरात बाणाने मारलं. आत चीज घातलंय, भावाने घरी धुरी दिलीय. घ्या.”

मग पेन उचलून त्याने पहिल्या पिवळ्या कागदाशी आपलं नाव लिहिलं. सावकाश, शाळेतल्या पोरासारखं. फॉर्म लोइसकडे सरकवला.

आता दोन मिनिटं गप्प बसायचं होतं, बस्स. सही करायची, फॉर्म फायलीत जाईल, मुलगी साध्या वर्गात जाईल, तिथे तिला ऐंशी पडतील, सगळ्यांना बरं वाटेल. वर्गातली एक वही कमी होईल तपासायला. लोइसने पेनचं टोपण काढलं. हे ती पुढे कधी कुणापाशी नाकारणार नव्हती. टोपण तिने काढलं होतं. तिने टेगनकडे पाहिलं. पोरीने डोळे वर केले होते आणि ती अगदी बारीक, दिसेल न दिसेल अशी मान हलवत होती. नका सांगू. चौदा वर्षांची मुलगी पन्नाशी उलटलेल्या बाईला सांभाळून घेत होती. लोइसला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिला क्षणभर फॉर्मवरची अक्षरंच दिसेनात. हा माणूस आज घरी जाणार आणि पोरीत काही नाही हे कायमचं मनात धरून बसणार. पोरगीही तेच धरणार. आणि कशावरून? न मिळालेल्या शिकवणीवरून.

“मिस्टर वोल्टर्स,” ती म्हणाली, “मी तिला एक दिवसही शिकवलेलं नाही.”

पेल्कीने मान वर केली. “लोइस?”

“पावणेसातला मी इथे नसते. सहा वर्षं झाली. मी सात पंचविसाला येते. दार बंद असतं.” तिने नवव्या ओळीकडे बोट दाखवलं. “कागदावर ते तसंच राहिलंय. मी दर वर्षी नुसतं साल बदलते. वाचत नाही.”

ड्वेनने टोपी एका गुडघ्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली. त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो लोइसकडे न बघता लेकीकडे वळला.

“मग तू कुठे बसायचीस?”

“तिथेच,” टेगन म्हणाली. “दाराशी. तिथे हीटर आहे, डॅड, गार नाही लागत.”

“रोज?”

“एमिल आत घेतो ना. झाडलोट करायला तो सहालाच येतो.”

“मग हे मटारचं, बाकोबाचं? कुणी शिकवलं?”

“पुस्तकात आहे सगळं. वाचलं की येतं. काही येतं, काही नाही.”

“मला सांगितलं का नाहीस?”

टेगनने खांदे उडवले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज धड होता. “पहिल्या आठवड्यात वाटलं, त्या आजारी असतील. मग वाटलं, उद्या येतील. मग तुम्ही रोज विचारायला लागलात आणि इतके खूष व्हायचात. सांगितलं असतं तर तुम्ही पाळी बुडवून इथे आला असतात.”

“आलोच असतो,” ड्वेन म्हणाला.

पेल्की खुर्चीत पुढे सरकला. “बरं, हे दुर्दैवी आहे, मी समजू शकतो. पुढल्या वर्षी तो नियम आपण काढून टाकू. पण नियम सात तसा स्पष्ट आहे, आणि मुदत आज चारची. आणि लोइस, कृपा करून हे ईमेलमध्ये कुठे लिहू नकोस.”

“नियम सात माझाच आहे,” लोइस म्हणाली. “नऊ मी पाळला नाही, तर सात कुठल्या तोंडाने लावू? मी सही करणार नाही, कर्ट.”

“नाही म्हणजे, दोन चाचण्या…”

“दोन चाचण्यांत तिने एकटीने चौसष्ट आणि एकसष्ट मिळवलेत. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना घरी शिकवणीवाले येतात आणि वर टिशूचे डबे.” बोलताना तिला दम लागला. चार वाक्यं सलग तावातावाने बोलायची तिची सवयच गेली होती.

ड्वेनने फॉर्म आपल्याकडे ओढला. आपण केलेल्या सहीकडे त्याने थोडा वेळ पाहिलं आणि तिच्यावर एक सरळ रेघ मारली. लगेच नाही, आधी त्याने पोरीला विचारलं होतं, “तुला काय करायचंय?” आणि ती म्हणाली होती, “राहायचंय.” त्यावर त्याने “का” असंही विचारलं नाही.

“कारखान्यात,” तो पेल्कीला म्हणाला, “यंत्राला जाळी बसवलीय असं पाटीवर लिहिलं आणि जाळी नसली, तर लिहिणाऱ्याला घरी पाठवतात.” मग लोइसकडे बघून म्हणाला, “पण तुम्ही स्वतः बोललात. तुम्हाला कुणी पकडलं नव्हतं.”

लोइसने पेनला टोपण लावलं. क्षमा मागायला हवी होती, पण त्या खोलीत, त्या गोळ्यांच्या वाडग्यापुढे, तो शब्द फार स्वस्त वाटला असता. ती म्हणाली, “उद्यापासून मी पावणेसातला येईन. हवं तर लिहून देते.”

“लिहिलेलं आहेच की,” ड्वेन म्हणाला.

त्याने कागदाच्या घड्या घालून तो आतल्या खिशात ठेवला, टोपी घातली. दाराशी गेला आणि परत आला. टेबलावरचं सॉसेजचं पुडकं त्याने उचललं, काहीसं ओशाळून, पण उचललंच. पिशवीत टाकलं आणि लेकीच्या मागोमाग बाहेर पडला. पेल्की लोइसकडे बघत राहिला. लोइसला मात्र त्या माणसाचं ते करणं मनापासून पटलं.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला गजर झाला तेव्हा तिला अंगात जीवच नसल्यासारखं वाटलं. रात्रभर नीट झोप नव्हती. गुडघा ठणकत होता. आर्नेच्या बाजूची उशी तशीच फुगीर होती. पांघरूण ओढून घ्यावं आणि आजारी आहे म्हणून कळवावं, असा विचार तिच्या मनात आला, आला तसा जरा रेंगाळलाही. मग ती उठली. गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना तिने स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि कालच्या कॉफीचा थर्मास विसरून निघाली.

सहा अडतीसला ती शाळेत शिरली. कॉरिडॉरचे अर्धेच दिवे लागले होते. टोकाला एमिल फरशी पुसायचं यंत्र ढकलत होता, तिला बघून त्याने यंत्र थांबवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

टेगन तिच्या जागेवर होती. हीटरला पाठ, मांडीवर वही. उठली नाही. घाईने उठायचं कारण नव्हतं, सात पंचवीस झाले नव्हते.

“मॉर्निंग,” लोइस म्हणाली आणि तिने दार उघडलं. आतून गार हवेचा झोत आला. खोल्यांची उष्णता सातला सुरू होते, हे ती साफ विसरून गेली होती. सहा वर्षांपूर्वी ती कोट अंगावर ठेवूनच शिकवायची, आणि पोरंही.

“इथे उबदार आहे,” टेगन म्हणाली आणि तिने हीटरच्या बाजूला थोडी जागा केली.

लोइसने फरशीकडे पाहिलं. खाली बसायचं म्हणजे उठायचंही आलं. तिने पर्स खाली ठेवली, भिंतीला हात लावला, आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि कण्हत कण्हत ती पोरीच्या शेजारी जाऊन टेकली. फरशी कडक होती. हीटर पाठीला बरा लागत होता. समोर लॉकरांची रांग आणि त्यावर कुणीतरी चिकटवलेला आमचं लेकरू ऑनर्समध्येचा स्टिकर, अर्धा सोललेला. सकाळी पाऊण तास इथून एवढंच दिसतं तर.

“दाखव,” ती म्हणाली.

टेगनने वही तिच्या हातात दिली. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली एक प्रश्न, पेन्सिलीने, नंबर घालून. सप्टेंबर पाचपासून. पहिल्या प्रश्नाच्या खाली समासात लिहिलं होतं, बाई आज आल्या नाहीत, बहुतेक बरं नाही. दुसऱ्याच्या खाली, उद्या येतील. तिसऱ्याच्या खाली, उद्या येतील. चौथ्यापासून समास कोरा होता.

लोइसने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून कोटाच्या बाहीने पुसला. काचांवर काही नव्हतं.

“टेगन, माझं चुकलं गं. फार चुकलं.”

इथली पोरं अशा वेळी ठीक आहे म्हणून मोकळी होतात, तसं वळण लहानपणापासून लावलेलं असतं. टेगन म्हणाली, “हो.” मग म्हणाली, “वाईट वाटायचं मला. तुम्ही किल्ली शोधत यायचात ना, तेव्हा सगळ्यात जास्त.”

लोइसने मान हलवली. घड्याळात सहा सत्तेचाळीस झाले होते. तिने वही पहिल्या पानावर आणली आणि पर्समधून पेन्सिल काढली.

“चल, पहिल्यापासून घेऊ.”

“पहिला नको,” टेगन म्हणाली. “अकरापर्यंतचे माझे मलाच सुटले. बारापासून घ्या.”